दुसरे पंचांग

आमच्या घरात सध्या दोन पंचांगे आहेत. एक सर्वांच्या घरी असते तसे, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकणारे. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि संकष्टीचा चंद्रोदय त्यावरून कळतो. दुसरे बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी माझ्या वडिलांची तसबीर होती तिथे, चिकटपट्ट्यांनी भिंतीला डकवलेले आहे. ते मी स्वतः आखले आहे. निळ्या पेन्सिलीने पदार्थविज्ञान, तांबड्या पेन्सिलीने रसायन, हिरव्या पेन्सिलीने जीवशास्त्र. दोन पंचांगांत मतभेद झाला तर दुसरे खरे मानायचे असा घरातला दंडक आहे. पहिल्यात एकादशी असली आणि दुसऱ्यात चाचणी असली, तर त्या दिवशी चाचणी असते. एकादशी आमच्या सौभाग्यवतीपुरती उरते.

हा सारा खटाटोप नातीसाठी. तिची दहावी २०२४ साली झाली. गुण चांगले पडले. पेढे आणायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो, तेवढ्यात तिघांनी मला अडवून विचारले, “मग काय, नीट की जेईई?” आमच्या काळी पास झालेल्या मुलाला लोक “पुढे काय?” असे विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता पेढा तोंडात टाकीत. आता पुढे काय ते लोकच ठरवून येतात. मुलाने फक्त पर्याय निवडायचा. ही सवय बहुधा परीक्षेतूनच घराघरांत शिरली असावी.

जून महिन्यात मुलगा, सून, नात आणि मी असे चौघे एका क्लासच्या कचेरीत गेलो. माझे तिथे काही काम नव्हते. पण जिथे काम नाही नेमके तिथे जावेसे निवृत्त माणसाला वाटते. टेबलापलीकडच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग म्हणाल्या, “आजोबा, आता दोन वर्षं घरात लग्नकार्य काढायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत आणि आजारी कुणी पडायचं नाही.” शेवटची अट माझ्याकडे बघून घातली होती. मी ती मान्य केली.

मग कॉलेजची गोष्ट निघाली. कॉलेज आणि क्लास यांचे आपसांत जुळलेले असते, असे तिथे समजले. नाव कॉलेजात आणि मूल क्लासात; कॉलेजात जायचे ते प्रयोगांपुरते. या व्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. मला आमच्या कोकणातली आठवण झाली. देव देवळात आणि नैवेद्य गुरवाच्या घरी!

परीक्षेचे स्वरूपही त्या बाईंनीच समजावून दिले. मी हिशेबी माणूस, म्हणून आकडे टिपून घेतले. ‘नीट’ ही डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा सबंध देशाची एकच. गुण ७२०. प्रश्नांपैकी निम्मे जीवशास्त्राचे, उरलेल्या निम्म्यांत पदार्थविज्ञान आणि रसायन. २०२५ साली १८० प्रश्न होते आणि मिनिटेही १८०. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट, त्यातच वाचायचे, विचार करायचा आणि गोल काळा करायचा. २०२४ साली ही परीक्षा २३ लाखांवर मुलांनी दिली, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभर मिळून लाखाहून थोड्याशा अधिक. एका जागेमागे वीसाहून जास्त मुले. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाडीला असते त्यापेक्षा ही गर्दी फार नाही, असे मी नातीला धीर देण्यासाठी म्हणालो. ती म्हणाली, “आजोबा, त्या गाडीत सगळे चढतात.”

घरी येऊन मी तक्ता आखायला बसलो. एका सरकारी कचेरीत मी छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. रकाने पाडण्याची हौस माझ्या हाडीमासी भिनलेली. जूनपासून परीक्षेपर्यंत साधारण ६८० दिवस. त्याचे तास १६,३२०. झोप सात तास धरली. क्लास आणि कॉलेज मिळून सहा, जाणे-येणे दीड, जेवण-आंघोळ वगैरे अडीच. उरले रोजचे सात; सातांना ६८० ने गुणले तर ४,७६० तास. झोपेचेही तितकेच! निद्रा आणि विद्या यांची पारडी अगदी काट्याला काटा जुळली होती. कचेरीत असा ताळेबंद जुळला असता तर साहेबांनी चहा पाजला असता. मी तो कागद मोठ्या अभिमानाने नातीपुढे ठेवला.

तिने तो नीट वाचला. वरून खाली वाचला, आडवा वाचला. मग विचारले, “यात नुसतं बसायचं कुठं आहे?”

“नुसतं बसायचं म्हणजे?”

“म्हणजे नुसतं. काही न करता. गॅलरीत.”

असा रकाना मला सुचलाच नव्हता. आणि गंमत पाहा, त्या वेळी मी स्वतः गॅलरीतच बसलो होतो आणि दिवसातले निदान चार तास मी तिथे नुसता बसतो.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि ती पास होणाऱ्या मोजक्या मुलांत पुढे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे होते, हे आपण शाळेत वाचलेले आहे. रानड्यांच्या भिंतीवर तक्ता असेल असे मला वाटत नाही. पण त्यांना रानडे व्हायचे होते, डॉक्टर नव्हे, असे आमच्या चिरंजिवांचे म्हणणे पडले आणि तक्ता भिंतीवर चढला. वडिलांची तसबीर आतल्या खोलीत गेली.

खरी अडचण पुढे जुलैत आली. क्लासच्या बाईंनी सुचवले की मुलगी नीट देणार असेल तर गणित घेऊच नका. अकरावी-बारावीला गणिताऐवजी भूगोल घेता येतो. रोजचा तासदीड तास वाचतो आणि तो जीवशास्त्राला मिळतो. मुलाला पटले. सुनेला पटले. नात काही बोलली नाही. पुष्कळ वेळ गप्प राहून मी म्हणालो, “गणित सोडू नका.”

“का?”

मला का ते सांगता येईना. मी म्हणालो, “गणित हे गणित आहे.” हा युक्तिवाद कोणालाही पटण्यासारखा नव्हता आणि पटला नाही. “बाबा, तुमच्या तक्त्यात रोज दीड तास शिल्लक पडेल,” असे मुलाने मला माझ्याच भाषेत समजावले. मी उठून आत गेलो. आतल्या खोलीत वडिलांची तसबीर होती.

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती, सौभाग्यवतीलाही नाही. गोष्ट म्हणण्याइतकी ती मोठीही नाही. १९६२ सालच्या जून महिन्यात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी नववीत गेलो. शाळेचे पत्रे पावसात असे वाजत की पहिल्या तासाला गुरुजी काय बोलतात ते फक्त पहिल्या बाकाला कळे. एके दिवशी गुरुजींनी एकेक कागद वाटला. मॅट्रिकला कोणते विषय घेणार ते लिहून, पालकांची सही घेऊन दुसऱ्या दिवशी आणायचा होता. तेव्हाची मॅट्रिक म्हणजे अकरावीची एस.एस.सी.; दहावीची परीक्षा आली ती १९७५ साली. त्या कागदावर एका ओळीत दोन नावे होती आणि मध्ये ‘किंवा’ हा शब्द होता. एका बाजूला बीजगणित-भूमिती, दुसऱ्या बाजूला अंकगणित.

आता मी अंकगणित का निवडले? कारणे दोन. बीजगणित शिकवणारे गुरुजी छडी फार वापरीत, हे एक. आणि ज्याच्याबरोबर मी रोज दीड मैल चालत शाळेला येई, त्या माझ्या मित्राने अंकगणित घेतले होते, हे दुसरे. तास वेगळे झाले असते तर सुटायची वेळ चुकली असती आणि ओढ्यावर माझ्यासाठी कोण थांबणार? यापलीकडे मी काही विचार केला नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ही कारणे पुरेशी वाटतात, आणि अजूनही मला ती अगदीच टाकाऊ वाटत नाहीत. रात्री कंदिलाच्या उजेडात वडिलांपुढे कागद धरला. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनी विचारले, “सही खंय करू?” मी बोट दाखवले तिथे त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे काढून. मग शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

त्या आधीच्या वर्षी आमच्या खाडीवर दोन माणसे आली होती. डोक्यावर हॅट, पायांत बूट. तिपाईवर एक दुर्बीण बसवून ती पलीकडच्या तीराकडे पाहत, मग वहीत काही लिहीत. पलीकडे एक जण तांबडा-पांढरा दांडा धरून उभा असे. पूल होणार, असे गावात म्हणत. आम्ही पोरे दिवसभर त्यांच्याभोवती. होडीत न बसता, दोरी न टाकता ही माणसे खाडीची रुंदी कशी काय सांगतात, याचे मला एवढे नवल वाटले की त्या रात्री मी ठरवून टाकले, आपण हेच व्हायचे. दुर्बीणवाले! त्या कामाला इंजिनिअर म्हणतात हेसुद्धा मला पुढे वर्षाने कळले. पण त्या दुर्बिणीचा आणि त्या कागदावरच्या ‘किंवा’चा काही संबंध आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण? गावात त्या वाटेने गेलेले माणूसच नव्हते.

१९६५ साली मॅट्रिक झालो. केंद्रात दुसरा आलो. वडिलांनी कोणाकडून तरी साठ रुपये उसने आणले आणि एस.टी.च्या टपावर ट्रंक टाकून मी कॉलेजच्या गावी गेलो. खिडकीपाशी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा आतल्या कारकुनाने माझे प्रमाणपत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “सायन्सचा फॉर्म मागतोस, पण बीजगणित-भूमिती कुठाय?” मी म्हणालो, “अंकगणितात ८८ आहेत.” तो माणूस वाईट नव्हता. माझ्याकडे पाहून त्याने चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू विचारले, “आर्ट्सचा देऊ?” माझ्या पाठीमागची मुले ढकलीत होती. मी म्हणालो, “द्या.”

इंटर सायन्सला ‘ए ग्रूप’ म्हणजे गणित आणि ‘बी ग्रूप’ म्हणजे जीवशास्त्र, एकातून इंजिनिअर निघतात आणि दुसऱ्यातून डॉक्टर, ही सगळी विद्या मला त्याच आठवड्यात वसतिगृहात मिळाली. तीन वर्षांपूर्वी मिळती तर चार आण्यांची होती, पण लाखाची ठरली असती.

पुढे सगळे बरे झाले. नोकरी लागली, लग्न झाले, डोंबिवलीस दोन खोल्या घेतल्या. मुलाच्या वेळी बारावीचे गुण हीच प्रवेश परीक्षा होती. सीईटी त्यानंतर आली, १९९९ साली. त्याने गणित घेतले, तो इंजिनिअर झाला आणि आज दिवसभर संगणकापुढे बसतो. पूल त्यानेही बांधला नाही. असो.

तर त्या जुलैच्या रात्री नात गॅलरीत आली. नुसती बसायला आली असावी. पण मी तिथे आधीच बसलेलो. तिने विचारले, “आजोबा, गणिताचं काय ते?” आणि मी तिला हे सारे सांगितले. ओढ्यासकट, कंदिलासकट, चष्मा पुसणाऱ्या कारकुनासकट. तिने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. सांगून झाल्यावर मला वाटले, झाले, आता ही गणित घेणार. खरे सांगायचे तर मी गोष्ट सांगितली ती थोडी त्याच हेतूने.

ती म्हणाली, “तुम्हाला त्या कागदाचा अर्थ कुणी सांगितला होता?”

“नाही.”

“मला सगळ्यांनी सांगितलाय. बाबांनी, क्लासमधल्या बाईंनी, शाळेतल्या सरांनी, आणि मी स्वतः दोन दिवस बसून बघितलंय.” मग तिने बोटांवर मोजून दाखवले. गणित सोडले तर इंजिनिअरिंग बंद, आर्किटेक्चर बंद, संख्याशास्त्र बंद. फार्मसी उघडी, शेतकी उघडी, नर्सिंग उघडे. त्यांतल्या बऱ्याचशांना राज्याची सीईटी लागते, तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तीही ती देणार. नीटमध्ये पहिल्या खेपेला नाही जमले तर एक वर्ष थांबणार. दुसऱ्या खेपेला नाही जमले तर थांबणार नाही. “मला माणसाचं पोट आतून कसं चालतं ते शिकायचंय, आजोबा. पुलाचं मला काही वाटत नाही.”

सोळा वर्षांची पोर! माझ्या चौदाव्या वर्षाचा आणि तिच्या सोळाव्याचा ताळेबंद मी मनात मांडून पाहिला. दोघांनीही गणित सोडले. कागदावर नोंद तीच. पण मी दार लोटले तेव्हा तिथे दार आहे हेच मला माहीत नव्हते, आणि ही पोर कडी लावताना आत काय राहिले ते मोजून लावीत होती. हे मला त्या रात्री समजले असे मात्र नव्हे. त्या रात्री मी रागावलो. दोन दिवस तिच्याशी मोजके बोललो. माझी एवढी जपून ठेवलेली गोष्ट, आणि तिचा काही उपयोग झाला नाही! तिसऱ्या दिवशी मी तक्त्यावरचा गणिताचा पिवळा रकाना खोडून तिथे हिरवा रंग भरला. पेन्सिल जरा जास्तच जोरात दाबली गेली असावी. तिथे कागद फाटला आहे, अजून दिसतो.

तिचे पहिले काही महिने कठीण गेले. शाळा मराठी माध्यमाची. क्लासात सगळे इंग्रजीतून. पेशीची सेल झाली, जठराचे स्टमक झाले. नीटचा पेपर तेरा भाषांत निघतो आणि त्यांत मराठी आहे, पण शिकवणारा मराठीतून मिळायला हवा ना! पहिल्या चाचणीत तिला ७२० पैकी २११ मिळाले. सुनेने त्या दिवशी शिरा केला. मला वाटले गुण कमी पडले म्हणून शिरा का. पण सुनेचे म्हणणे, कमी पडले म्हणूनच.

मी ती उत्तरपत्रिका मागून घेतली. तपासायची सवय! पाहतो तो तिने चाळीसेक प्रश्न कोरेच सोडलेले. मला धक्का बसला. आमच्या काळी कोरे सोडणे म्हणजे पाप. येत नसले तरी काहीतरी लिहावे, पुरवण्या जोडाव्यात, परीक्षकाला मुलाच्या कष्टांची दया यावी, असे आम्हांला शिकवलेले. मी तिला रागे भरलो. तेव्हा तिने मला त्या परीक्षेचा हिशेब समजावला. बरोबर उत्तराला चार गुण; चुकले तर एक वजा; सोडले तर शून्य. मी म्हणालो, मग डोळे मिटून ठोकावे. चारांतले एक तरी लागेल. एकाचे चार, तिघांचे तीन वजा, निव्वळ नफा एक! ती हसली. “हे चार प्रश्नांवर झालं. म्हणजे एका प्रश्नाला पाव गुण. त्यासाठी मिनिट घालवायचं? आणि नशीब वाकडं असलं तर?” पण चारांतला एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढे ओळखता आले, तर तोच हिशेब पाव गुणावरून दोनतृतीयांशावर जातो, दोन ओळखता आले तर दीड गुण. मी कागदावर करून पाहिले. बरोबर होते. छत्तीस वर्षे हिशेब तपासलेल्या माणसाला सोळा वर्षांच्या मुलीने नफातोटा शिकवला, आणि गणित सोडलेल्या मुलीने! मी तसे बोलून दाखवले. ती म्हणाली, “मी विषय सोडलाय, आजोबा.”

दिवाळी आली. २०२४ सालची दिवाळी. क्लासला चारच दिवस सुट्टी आणि भाऊबीज झाली की लगेच चाचणी. माझ्या तक्त्यात त्या चार दिवसांवर मी ‘रसायन : उजळणी’ असे लिहून ठेवले होते. दिवाळीच्या आधी नेहमीप्रमाणे घराची झाडलोट निघाली. माळ्यावरचे डबे खाली आले, रद्दीवाला दाराशी बसला. नातीच्या दहावीच्या पुस्तकांचा गठ्ठा त्याच्या तराजूत पडणार, एवढ्यात वरची दोन पुस्तके माझ्या नजरेस पडली. ‘गणित भाग १’ आणि ‘गणित भाग २’. आत पाहिले. भाग १ म्हणजे बीजगणित. भाग २ म्हणजे भूमिती. मी ती दोन्ही उचलून घेतली. रद्दीवाला म्हणाला, “काका, अर्धा किलो कमी झालं.” मी म्हणालो, “होऊ दे.”

नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता दोन पंचांगांची समोरासमोर गाठ पडली. माझ्या तक्त्यात पाचला ‘रसायन’ होते आणि सौभाग्यवती तेलाची वाटी घेऊन पाटाशी उभी होती. ती तक्त्याला काही बोलली नाही. तिने फक्त नातीचे नाव घेऊन एकदा हाक मारली. नात आली, पाटावर बसली. उटण्याचा वास सुटला, बाहेर कोणीतरी पहिली माळ लावली आणि माझी चार दिवसांची उजळणी न्हाणीघराच्या मोरीतून वाहून गेली. सुनेने कारीट फोडायला माझ्या हाती दिले. मला त्या क्षणी ते तक्त्यावर फोडावेसे वाटले. पण तक्ता मीच आखलेला.

भाऊबीजेच्या रात्री मी पाहिले तर नातीने तक्त्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या होत्या. चार दिवस तिने बुडीत खाती टाकले नव्हते. पुढच्या दहा दिवसांवर थोडे थोडे वाटून दिले होते. हिशेब माझ्यापेक्षा चांगला होता. रोज रात्री नऊ ते सव्वानऊ असा एक नवा रकाना पाडला होता आणि तो पिवळ्या पेन्सिलीने भरला होता. त्यात लिहिले होते, ‘नुसतं बसणे’. आणि रविवारच्या त्याच रकान्यात, बारीक अक्षरांत : ‘आजोबांचं गणित’.

तेव्हापासून वर्ष झाले. रविवारी रात्री पंधरा मिनिटे ती मला शिकवते. बाकी आठवडाभर मी एकटा धडपडतो. बीजगणितात मला फारशी गती नाही. वर्गसमीकरणे पाहून मला ते छडीवाले गुरुजी आठवतात आणि अजून हात आपोआप मागे जातो. पण भूमिती आवडली. भाग २ मध्ये शेवटाकडे त्रिकोणमितीचे प्रकरण आहे. त्यात उन्नत कोन आणि अवनत कोन अशी मोठी देखणी नावे आहेत. श्रावणात तिथवर पोचलो. तिने एक उदाहरण घातले : नदीच्या एका तीरावर उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या तीरावरच्या झाडाचा शेंडा ६० अंशाच्या कोनात दिसतो, तो चाळीस मीटर मागे सरला की तोच शेंडा ३० अंशात दिसतो, तर नदीचे पात्र किती रुंद?

मला दोन संध्याकाळी लागल्या. झाडाची उंची माहीत नाही आणि रुंदीही माहीत नाही, मग काढायचे काय, असे पहिल्या दिवशी वाटले. दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की उंचीचे समीकरण दोनदा मांडता येते आणि मग उंची आपण होऊन निघून जाते. उत्तर आले वीस मीटर. मी पुन्हा करून पाहिले. वीसच. पेन्सिल खाली ठेवली आणि मग एकदम लक्षात आले, ती दोन माणसे आमच्या खाडीवर उभी राहून हेच करीत होती! अगदी हेच नसेल, त्यांच्या दुर्बिणीत आणखी पुष्कळ युक्त्या असतील; पण जातकुळी हीच. होडी नाही, दोरी नाही. इतकी वर्षे ज्याचे नवल वाटले ते वहीच्या पाऊण पानात मावले होते. मी सौभाग्यवतीला हाक मारून ते पान दाखवले. ती म्हणाली, “वीस मीटर म्हणजे काही फार रुंद नदी नाही.”

यंदा नात बारावीला आहे. परीक्षा येत्या उन्हाळ्यात. चाचण्यांत ती आता पाचशेच्या वर असते, कधी खाली घसरते. एका जागेमागे वीस मुले हा हिशेब काही बदललेला नाही. तक्त्याच्या कडा दुमडल्या आहेत, चिकटपट्टी दोनदा बदलली. वडिलांची तसबीर मात्र परवाच्या झाडलोटीत सौभाग्यवतीने बाहेर आणून तक्त्याच्या शेजारी लावली. खिळा ठोकताना मुलगा म्हणाला, जागा अपुरी आहे. पण मावली.

गेल्या रविवारी नातीने माझी परीक्षा घेतली. दहा उदाहरणे, वेळ एक तास, नियम तिचे : बरोबरला चार, चुकीला एक वजा. मी दोन कोरी सोडली. जुन्या सवयीने हात शिवशिवत होता, पण सोडली. उरलेल्या आठांपैकी पाच बरोबर निघाली, तीन चुकली. तिने तांबड्या पेन्सिलीने वर लिहिले, ४० पैकी १७, आणि वही माझ्या हाती दिली.

“आमच्या काळी पस्तीस टक्क्यांना पास करीत,” मी म्हणालो.

“सातव्यात चिन्ह चुकलंय,” ती म्हणाली, “ते परत करून आणा,” आणि नऊ वाजून सोळा मिनिटे झाली होती म्हणून उठून गेली.